ऐकून काढलेली चित्रे

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या आपल्या मुलामुलींना ‘स्मरणचित्र’ हा विषय चांगला परिचयाचा असतो. आठवड्याचा बाजार, बसथांब्यावरची रांग, पावसात सुटलेली शाळा असे काही पूर्वी पाहिलेले आठवायचे आणि ठरलेल्या वेळात कागदावर उतरवायचे. परीक्षक आकृत्यांची ठेवण पाहतो, रंगसंगती पाहतो आणि गुण देतो. आठवण त्या मुलाची स्वतःची असते. बाजारात त्या दिवशी खरोखरच केळीवाली बसली होती की नव्हती, हे त्याला कोणी विचारीत नाही.

जपानमधील हिरोशिमा शहरात एक हायस्कूल असे आहे की, तेथील चित्रकलेचे विद्यार्थी २००७ सालापासून दुसऱ्याच्या आठवणीवरून स्मरणचित्रे काढीत आले आहेत. आठवण ऐंशी-नव्वदीच्या वृद्धाची आणि कुंचला सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा. केळीवाली होती की नव्हती, ती कोठे बसली होती, तिच्या अंगावर काय होते, हे सारे तपासणारा मनुष्य तेथे समोरच बसलेला असतो. आणि चित्राचा विषय असतो ६ ऑगस्ट १९४५.

या शाळेचे नाव मोतोमाची हायस्कूल. तेथवर येण्यापूर्वी ही चित्रे काढण्याची गरज कशातून निर्माण झाली, ते पाहणे आवश्यक आहे.

त्या दिवशी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर सुमारे सहाशे मीटर उंचीवर अणुबॉम्ब फुटला. वर्षाच्या अखेरपर्यंत अंदाजे १,४०,००० माणसे मृत्यू पावली. हे आकडे आपण शाळेत शिकलो आहोत. फारसे शिकवले जात नाही ते असे की, त्या सकाळी शहराच्या मध्यभागी हजारो शाळकरी मुले उघड्यावर काम करीत होती. शत्रूच्या विमानांनी आगी लावल्याच, तर त्या पसरू नयेत म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याचे काम सरकारने हाती घेतले होते. मोठी माणसे सैन्यात आणि कारखान्यांत गेलेली. म्हणून पाडलेल्या घरांची कौले आणि लाकडे वाहून नेण्यासाठी बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना जुंपले गेले. अशा कामावर असलेल्या सुमारे ८,४०० विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ ६,३०० दगावले. मोतोमाची हायस्कूलची मूळ शाळा १९४२ साली मुलांची माध्यमिक शाळा म्हणून सुरू झाली होती. तिची लहान मुलेही त्या सकाळी अशाच कामावर होती.

एवढ्या मोठ्या घटनेची त्या दिवशीची छायाचित्रे किती असावीत? शहराच्या आतून, जमिनीवरून, त्याच दिवशी घेतलेली म्हणून जी सर्वत्र दाखविली जातात, ती पाच आहेत. पाचही एकाच माणसाने घेतली. मात्सुशिगे योशितो हे स्थानिक वृत्तपत्राचे छायाचित्रकार. स्फोटकेंद्रापासून सव्वादोन किलोमीटरवरील मियुकी पुलापाशी ते अकराच्या सुमारास पोहोचले. पुलावर भाजलेली शाळकरी मुले बसली होती. समोरचे दृश्य पाहून बराच वेळ आपल्या हातून कळ दाबवेना, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. तेथे त्यांनी दोन छायाचित्रे घेतली आणि दिवसभरात आणखी तीन. बाकीच्या शहरात काय झाले ते कॅमेऱ्याने पाहिलेच नाही. ते पाहिले केवळ माणसांच्या डोळ्यांनी.

हे डोळे काही काळ मिटूनच ठेवले गेले. शरणागतीनंतर जपानवर दोस्तराष्ट्रांच्या लष्कराचा अंमल आला आणि सप्टेंबर १९४५ पासून वृत्तपत्रांवर कडक निर्बंध लादले गेले. बॉम्बच्या परिणामांविषयी मोकळेपणाने लिहिणे वा छापणे १९५२ पर्यंत दुरापास्त होते. मात्सुशिगे यांची छायाचित्रे जगाने खऱ्या अर्थाने पाहिली ती त्याच वर्षी, ‘लाइफ’ या अमेरिकन नियतकालिकातून. या बंदीच्या काळातही एका चित्रकार दांपत्याने मार्ग काढला. मारुकी इरी हे मूळचे हिरोशिमाचे. बॉम्ब पडल्यानंतर काही दिवसांतच ते आप्तांच्या शोधात तेथे गेले आणि त्यांच्या पाठोपाठ पत्नी तोशी. १९५० साली त्यांनी पहिले भव्य चित्र लोकांपुढे ठेवले आणि पुढील तीन दशकांत एकूण पंधरा चित्रे पूर्ण केली. या दांपत्याबद्दल माझ्या मनात विशेष आदर आहे, आणि त्याचे कारण केवळ कलेचे नाही. आपल्याच लोकांच्या दुःखाशी ते थांबले नाहीत. जमावाच्या हाती पडलेले अमेरिकन युद्धकैदी, हिरोशिमात मेलेले कोरियन मजूर, जपानी सैन्याने नानकिंगमध्ये केलेली कत्तल हे विषयही त्यांनी रंगवले. हिरोशिमा हे लष्करी ठाण्याचे शहर होते आणि तेथील मृतांत हजारो कोरियन होते, ही गोष्ट शहराने स्वतःशी कबूल करण्यास फार वेळ घेतला. कोरियन मृतांचे स्मारक १९७० साली शांतता उद्यानाच्या बाहेर उभे राहिले. ते आत आणण्यासाठी १९९९ साल उजाडले.

मारुकी हे व्यवसायाने चित्रकार होते. ज्यांनी शाळा सोडल्यापासून हातात ब्रश धरला नव्हता, अशांची चित्रे पुढे आली ती १९७४ साली, आणि तीही अगदी अचानक. कोबायाशी इवाकिची नावाचे सत्त्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ त्या वर्षी एक चित्र घेऊन दूरचित्रवाणीच्या हिरोशिमा केंद्रावर चालत आले. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास योरोझुयो पुलापाशी आपण जे पाहिले ते त्यांनी साध्या रंगीत पेनांनी काढले होते. एकोणतीस वर्षे ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नव्हते. केंद्रातील मंडळींनी ते चित्र पाहिले आणि प्रेक्षकांना आवाहन केले की, कोणाला असे काही काढावेसे वाटत असेल तर त्यांनी ते पाठवावे. दोन वर्षांत ७५८ माणसांनी २,२२५ चित्रे पाठवली.

या चित्रांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. कित्येक चित्रे जुन्या दिनदर्शिकांच्या आणि जाहिरातींच्या पाठकोऱ्या बाजूंवर काढलेली आहेत. पेन्सिल, खडू, पाण्याचे रंग, जे घरात सापडले ते वापरले आहे. माणसांचे हात आखूड, घोडे कुत्र्यांएवढे, पूल वाकडे. चित्रकलेच्या शिक्षकाने लाल शाई हातात घेतली तर कागद लाल होऊन जाईल! पण चित्राच्या कोपऱ्यांत, कधी कधी थेट आकाशात, बारीक अक्षरांत मजकूर लिहिलेला आहे. ही आई होती. हिने मूल छातीशी धरले होते. ही कोण होती ते मला अखेरपर्यंत कळले नाही. अशा अर्थाचे ते मजकूर आहेत. चित्राने जे सांगता येईना ते अक्षरांनी, आणि अक्षरांनी जे सांगता येईना ते चित्राने सांगण्याचा तो प्रयत्न आहे. नद्यांत तरंगणारी प्रेते, तुळईखाली अडकलेला आणि सोडवता न आलेला मुलगा, शाळेच्या पटांगणावरील चिता, काळा पाऊस. आणि पुन्हा पुन्हा येणारा विषय म्हणजे पाणी. भाजलेल्यांना पाणी दिले तर ते लगेच मरतात, असा तेव्हा समज होता. म्हणून कित्येकांनी पाणी मागणाऱ्याकडे पाठ फिरवली. कित्येकांनी दिले आणि तो मनुष्य त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. पाणी दिले तेही आयुष्यभर तळमळले आणि दिले नाही तेही.

वाचलेल्यांच्या मौनाचे एक कारण येथे आहे. लोक त्यांना रोगी समजत, त्यांच्या मुलींची लग्ने जमत नसत, म्हणूनही ते गप्प राहिले, हे खरेच. परंतु त्याहून खोल अशी एक बोच होती: मी कोणाला तरी मागे टाकून आलो. ही गोष्ट मनुष्य आपल्या पोटच्या मुलांनाही सांगत नाही.

फेब्रुवारी १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे हिरोशिमात आले. युद्ध हे दैवाचे नव्हे, माणसाचे कृत्य आहे, आणि भूतकाळाचे स्मरण करणे म्हणजे भविष्यासाठी स्वतःला बांधून घेणे होय, अशा आशयाचे आवाहन त्यांनी शांतता उद्यानातून अनेक भाषांत केले. जपानमध्ये ख्रिस्ती समाज लोकसंख्येच्या एक टक्काही नाही. तरीही, आजवर तोंड न उघडलेल्या अनेकांना या शब्दांनी बोलते केले, असे हिरोशिमात आजही सांगितले जाते. आपल्या वाचकांना फादर पेद्रो आरुपे यांचे नाव ठाऊक असेलच. पुढे येशूसंघाचे प्रमुख झालेले हे धर्मगुरू त्या वेळी शहराबाहेरील नागात्सुका येथे नवशिष्यांचे गुरू होते. तरुणपणी घेतलेले वैद्यकाचे शिक्षण त्या दिवशी कामी आले आणि नवशिष्यगृहाचे त्यांनी रुग्णालय केले. तो दिवस प्रभूच्या रूपांतराच्या सणाचा होता. त्यांनी आपले अनुभव जगभर सांगितले. परंतु ते धर्मगुरू होते, परदेशी होते आणि वक्ते होते. शेजारच्या गल्लीत भांडी घासणाऱ्या बाईला बोलण्यासाठी जे बळ लागते ते निराळे.

२००२ साली दुसरे आवाहन झाले आणि ४८४ जणांनी आणखी १,३३८ चित्रे दिली. तोपर्यंत चित्र काढणारे हात थरथरू लागले होते. शाळांतून आणि सहलीस आलेल्या मुलांपुढे आपली हकीकत सांगणारे वृद्ध होते, पण ऐकणाऱ्या मुलांना ते दृश्य डोळ्यांपुढे आणता येत नव्हते. आपल्याजवळ दाखवायला एखादे चित्र असते तर बरे, असे त्यांना वाटू लागले. शहराच्या शांतता-संस्कृती प्रतिष्ठानाने २००४ साली यावर उपाय योजला. सांगणारा वृद्ध आणि काढणारा तरुण अशा जोड्या जुळवण्यास त्यांनी सुरुवात केली. २००७ पासून हे काम मोतोमाची हायस्कूलच्या विद्यार्थ्यांकडे आले.

ही शाळा हिरोशिमाच्या जुन्या किल्ल्याच्या उत्तरेस आहे. १९९९ साली तेथे कलेच्या अभ्यासाची एक स्वतंत्र शाखा सुरू झाली. तिच्यातील जे विद्यार्थी स्वतःहून पुढे येतात त्यांनाच हे काम दिले जाते. सक्ती नाही आणि गुणही नाहीत. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी ते करावयाचे. रीत अशी की, शरद ऋतूत वृद्ध आणि विद्यार्थी यांची पहिली भेट होते. वृद्ध आपली हकीकत सांगतो आणि तिच्यातील कोणते दृश्य रंगवून हवे आहे ते ठरवतो. विद्यार्थी कच्ची रेखाटने करून आणतो, वृद्ध ती पाहतो आणि चुका दाखवतो. पुन्हा भेट, पुन्हा बदल, मग कॅनव्हासवर तैलरंग. पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत हे चालते. एका चित्राला नऊ-दहा महिने सहज लागतात.

एवढा वेळ कशासाठी, असे एखादा विचारील. ज्या मुलाने युद्ध पाहिले नाही त्याने अंगावरचा एक सदरा रंगवायचा म्हटला तरी पंचाईत होते. तेव्हाची मुले पायांना कापडी पट्ट्या गुंडाळीत, मुली घोळदार विजारी घालीत, डोक्यावर कापूस भरलेले टोपडे असे. रस्त्याकडेला आग विझवण्यासाठी पाण्याच्या टाक्या असत; त्या किती उंच असत? घराची भिंत कोसळली की आतून माती दिसे की बांबूच्या कामट्या? मुले जुनी छायाचित्रे धुंडाळतात, मित्रांना तशा अवस्थेत उभे करून किंवा आडवे निजवून त्यांची रेखाटने करतात. आणि मग येतो तो प्रश्न, ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही: भाजलेल्या कातडीचा रंग कोणता? उपलब्ध छायाचित्रे बहुतेक काळी-पांढरी. रंग केवळ त्या वृद्धालाच ठाऊक. तो म्हणतो, एवढे लाल नव्हते. मूल रंग बदलते. तो म्हणतो, नाही, आता फारच काळे झाले. जो रंग ऐंशीच्या घरातील माणूस कित्येक दशके विसरू पाहत होता, तो त्याला एका मुलीच्या रंगपाटीवर बोटाने दाखवावा लागतो.

हे काम मुलांना सोपे जात नाही. रात्री झोप येत नाही, घास उतरत नाही, असे अनेकांनी सांगितले आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर एवढे ओझे ठेवावे काय, अशी शंका कोणाही आईबापाला येईल, आणि ती रास्त आहे. याचे सरळ उत्तर माझ्यापाशी नाही. एवढेच दिसते की, मुले स्वेच्छेने येतात, आणि ज्यांच्याविषयी ती चित्रे आहेत त्या बहुसंख्य मुलांचे वय त्यांच्याहूनही कमी होते.

दुसरी शंका इतिहासाच्या अभ्यासकाची. ज्याने पाहिले नाही त्याने काढलेले चित्र हा पुरावा म्हणावा काय? प्रत्यक्षदर्शींची १९७४ सालची वेडीवाकडी चित्रे आणि विद्यार्थ्यांची ही सफाईदार तैलचित्रे शेजारी ठेवली, तर पुरावा म्हणून वजन पहिल्यांचेच अधिक, यात मला संदेह वाटत नाही. तैलरंगांना आपला असा एक भव्यपणा असतो. ज्वाळा सुंदर दिसू लागतात आणि छायाप्रकाश नाटकी होतो. हिरोशिमाच्या स्मृती संग्रहालयातही या प्रश्नावर मोठी चर्चा झाली होती. जळलेल्या कपड्यांत, हात पुढे करून चालणाऱ्या माणसांचे पुतळे तेथे अनेक वर्षे उभे होते. २०१७ साली ते हटवण्यात आले. खऱ्या वस्तूंवर भर द्यावा, असे संग्रहालयाचे म्हणणे होते. पुतळे पाहून मुले घाबरतात म्हणून ते काढले, असे काहींना वाटले. तर प्रत्यक्षात जे घडले ते याहून कितीतरी भयंकर होते, असे वाचलेल्यांपैकी काहींचे मत. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले.

मग मोतोमाचीच्या मुलांच्या चित्रांचे स्थान कोठे? माझ्या समजुतीप्रमाणे या कामाचा मोठा भाग कॅनव्हासवर दिसतच नाही. तो त्या नऊ-दहा महिन्यांच्या भेटींत घडतो. आपल्या हकीकतीत वृद्ध वर्षानुवर्षे तीच तीच वाक्ये सांगत आलेला असतो. मूल विचारते, तुम्ही उभे होता तेथून नदी डाव्या हाताला होती की उजव्या? त्या बाईचे केस मोकळे होते का? उजेड कोठून येत होता? भाषणात अशा प्रश्नांना वाव नसतो. चित्र काढणाऱ्याला मात्र ते टाळता येत नाहीत. ही चौकशी चालू असताना वृद्धाला अशा गोष्टी आठवतात, ज्या त्याने पूर्वी कधी सांगितलेल्या नसतात. आणि पाणी मागणाऱ्याकडे फिरवलेली पाठ, जी त्याने स्वतःच्या मुलांपासून लपवली, ती तो नातवंडांच्या वयाच्या या परक्या मुलीपुढे उघड करतो, कारण तिला ती रंगवायची असते. समाजासाठी काही करणारी शालेय मंडळे पुष्कळ असतात. ती भिंती रंगवतात, भित्तिपत्रके तयार करतात, वृद्धाश्रमात भेटकार्डे नेऊन देतात. ते चांगलेच आहे. येथे मात्र म्हाताऱ्या माणसाला मुलाकडून भेटवस्तू मिळत नाही. त्याला मिळतो तो ऐकून घेणारा, आणि चुकले तर पुन्हा खोडून काढणारा, एक कान.

२०१५ साली तोक्योतील एका नाट्यसंस्थेने या उपक्रमावर आधारलेले नाटक रंगभूमीवर आणले. त्यात हिरोशिमाच्या एका हायस्कूलमधील चित्रकला मंडळाची मुले दाखवली आहेत.

आजवर दोनशेहून अधिक चित्रे पूर्ण झाली आहेत. मुले ती घरी नेत नाहीत. ती प्रतिष्ठानाकडे जमा होतात, आणि वृद्ध मंडळी आपली हकीकत सांगावयास उभी राहिली की, त्यांच्यामागे पडद्यावर ती दाखवली जातात. मार्च २०२५ अखेर जपानमध्ये नोंद असलेल्या बॉम्बग्रस्तांची संख्या ९९,१३० होती. एक लाखाच्या खाली ती पहिल्यांदाच आली. त्यांचे सरासरी वय ८६ वर्षे. त्यांच्या संघटनेला २०२४ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, तोपर्यंत तिच्या संस्थापकांची पिढी मागे पडली होती. ज्या वृद्धांनी मोतोमाचीच्या मुलांबरोबर बसून चित्रे करून घेतली, त्यांच्यापैकीही अनेक जण आज हयात नाहीत.

अशा वेळी चित्राचे काय होते? हिरोशिमा शहराने २०१२ पासून ‘वारसा सांगणारे’ तयार करण्यास आरंभ केला. ही माणसे स्वतः बॉम्बग्रस्त नव्हेत. एका विशिष्ट वृद्धाची हकीकत ती दीर्घकाळ ऐकतात, टिपून घेतात, त्याच्याकडून तपासून घेतात, आणि त्याच्या संमतीने त्याच्या वतीने सांगतात. ती उभी राहून बोलू लागली की, मागे तेच चित्र दाखवले जाते. चित्राखालच्या पट्टीवर दोन नावे असतात: एक सांगणाऱ्याचे आणि दुसरे काढणाऱ्या विद्यार्थ्याचे.